क श्रेणीची झाडं

राईतल्या झाडांना मी गुण दिले, तिथून सगळा गोंधळ सुरू झाला. तुमचे आजोबा फोनवर ही गोष्ट सांगताना मधले टप्पे गाळतात आणि शेवटाला पोचण्याआधी स्वतःच हसत सुटतात, म्हणून मी ती क्रमवार लिहून काढते आहे. वाचताना त्यांचं ऐकू नका.

आधी जागा समजून घ्या. आमच्या घरामागे चढ सुरू होतो, आणि चढाच्या मध्यावर, डोंगराच्या एका खोलगट भागात गावाची राई आहे. राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली फांदी तोडायची नाही, पडलेलं झाडसुद्धा उचलून न्यायचं नाही. खाली गळलेलं फळ तेवढं घेता येतं. पश्चिमेला डोंगरात खिंड आहे आणि मुळशीचा सगळा वारा तिच्यातून आत घुसतो. खिंडीकडच्या कडेला हिरडा, अंजनी, जांभूळ अशा झाडांची एक जाड रांग आहे. बुटकी, पिळवटलेली, शेंडे मोडलेली, आणि बसने करकचून ब्रेक लावल्यावर उभे प्रवासी झुकतात तशी सगळी पूर्वेकडे झुकलेली. त्यांच्या मागे, खोलगट भागात, माती खोल आणि ओल भरपूर; तिथली झाडं उंच, सरळ, गुळगुळीत खोडांची. मधोमध शेंदूर लावलेला देवाचा पाषाण, उत्तरेकडे तोंड करून, डोक्यावर छप्पर नाही. पूर्वेला रस्ता, दक्षिणेला उघडा कातळ. बस, एवढंच.

मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर मोठं वादळ झालं आणि राईतली नऊ झाडं मुळासकट आडवी झाली. गावात सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मी मात्र वही काढली. तुम्हाला माहीत आहे, मला वहीशिवाय हळहळता येत नाही.

पाऊस संपल्यावर मी आणि तुमच्या आजोबांनी राईतल्या प्रत्येक झाडाची पाहणी केली. ते टेप धरायचे, मी लिहायची. एकूण एकशे सदतीस उभी झाडं. बुंध्याचा सरळपणा, उंची, शेंडा, साल, प्रत्येकाला पाचपैकी गुण. बेरीज करून अ, ब, क अशा श्रेण्या. छत्तीस वर्षं इंग्रजीचे पेपर तपासलेल्या हाताला दुसरं काय सुचणार? पुन्हा मोजताना घोटाळा नको म्हणून क श्रेणीच्या झाडांवर मी चुन्याची एकेक रेघ ओढली. एक्केचाळीस रेघा. आजोबा म्हणाले, "सगळी नापास मुलं एकाच बाकावर बसलेली दिसतात." मी त्यांना टेप नीट धरायला सांगितलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस झाडं खिंडीकडच्या रांगेत होती, हे मला दिसत होतं. पण त्यात विचारण्यासारखं काही आहे, हे सुचलं नाही.

मग मी यादीची स्वच्छ प्रत केली, समासाला लाल रेघ मारली आणि उत्सव कमिटीच्या अध्यक्षांना नेऊन दिली. गावाकडे आपल्या राईची नोंद असावी, एवढाच हेतू. खरं सांगायचं तर थोडं कौतुक व्हावं हाही.

कौतुक झालं. चार दिवसांनी अध्यक्ष आपल्या पांढऱ्या गाडीतून खास आमच्या अंगणात आले. शेजारच्या जांबे गावात त्यांनी भाड्याच्या खोल्यांच्या तीन मजली इमारती बांधल्या आहेत, पण गावातल्या उत्सवाच्या कामात हा माणूस कधी मागे नसतो. त्यांच्या हातात माझी यादी होती, आणि ती त्यांनी लॅमिनेट करून घेतली होती.

"बाई, तुमी तर आमचं कामच सोपं केलं," ते म्हणाले. "म्हाप्रसादाला पत्र्याची शेड बांधायची हाय. खिंडीकडची सपाट जागा चांगली, पण राईतलं झाड काढायचं म्हटलं की गाव अंगावर येतंय. आता काय, तुमीच लिवून दिलंय. एक्केचाळीस झाडं खराब. वर चुना बी लावलाय."

"अहो, तो चुना मोजायला..."

"मोजूनच काढनार की. एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई."

या भागात रस्ता रुंद करायचा असला की आधी झाडांवर चुन्याने खुणा होतात आणि मग करवत येते, हे मी रोज मारुंजीच्या वाटेवर बघते. तरी चुन्याचं डबडं हातात घेताना माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. आजोबांनी त्या वेळी अध्यक्षांसमोर चहा ठेवला आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्या भुवयांबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आल्या. आक्का म्हणजे वरच्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाई. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील, पण चढ माझ्या दुप्पट वेगाने चढतात. देवापुढची जागा झाडतात, आणि चैत्र-वैशाखात खिंडीकडच्या हिरड्यांखाली गळलेले कोवळे बाळहिरडे वेचून, वाळवून विकतात. त्यांच्या वर्षाचा मोठा आधार त्या झाडांवर आहे. अंगणात पाऊल टाकतानाच त्यांनी विचारलं,

"बाई, माझ्या हिरड्यांला चुना कुणी लावला?"

"मी लावला, आक्का."

"का? लगीन हाय का त्यांचं?"

मी श्रेण्या समजावून सांगायला गेले. सरळपणाला पाच गुण म्हटल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "चला. वही घ्या तुमची."

राईत त्यांनी मला आधी पडलेल्या झाडांपाशी नेलं. पहिल्याच्या उपटलेल्या मुळांसमोर उभं केलं. मुळं ताटासारखी चपटी पसरलेली होती, गुडघाभर खोलसुद्धा गेलेली नव्हती.

"हे झाड कसं हुतं? सरळ का वाकडं?"

"सरळ."

"आनि हे?"

"सरळ."

नवव्यापर्यंत मला प्रत्येक वेळी उत्तर द्यायला लावलं. वर्गात मी मुलांना असंच करायची. समोर उभं राहून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. नऊच्या नऊ, वादळाआधी तपासली असती तर, अ श्रेणीची.

मग आक्का मला माझ्या नापास हिरड्याजवळ घेऊन गेल्या. बुंधा खिंडीच्या बाजूला फुगलेला, मुळं खडकाच्या भेगांत बोटं घालून घट्ट बसलेली. त्यांनी बुंध्यावर थाप मारली. "ह्यानं जन्मभर वारा खाल्ला. म्हनून ह्यो असा हाय, आनि म्हनून ह्यो हितं हाय. खालची सुखात वाढली. खोल माती, बसल्या जागी पानी, वारा ठावं न्हाई. ह्यांच्या पाठीमागं लपून उंच झाली."

"पण मग या वर्षीच कशी पडली?"

त्यांनी हनुवटीने खिंडीकडे खूण केली. राईच्या हद्दीबाहेर एका प्लॉटवाल्याने मागच्या उन्हाळ्यात जेसीबी लावून उतार कापला होता आणि आपल्या हद्दीतली सहा-सात वाकडी झाडं काढून टाकली होती. रांगेत दार उघडल्यासारखी मोकळी जागा झाली होती. मी त्या मोकळ्या जागेत उभी राहून मागे पाहिलं. नऊही झाडं माझ्या समोर, एका सरळ ओळीत, फूटपट्टी ठेवून आखावी तशी आडवी पडली होती.

"सात काढली तर नऊ पडली," आक्का म्हणाल्या. "आता एक्केचाळीस काढा. मंग देवाला कुटं ठिवायचा त्ये बी लिवा वहीत."

मी घरी आले आणि यादी नव्याने लिहिली. सरळपणाचे गुण काढून टाकले. त्याऐवजी प्रत्येक झाड कुठे उभं आहे ते लिहिलं: उतारावर की खोलगटात, माती किती, वारा कुठल्या बाजूने, मागे कोण, पुढे कोण. त्या रात्री माझ्या जुन्या विद्यार्थ्यांतले काही चेहरे आठवले. पण ती गोष्ट वेगळी आहे आणि ते सगळे आता माझ्यापेक्षा मोठ्या घरांत राहतात.

नवी यादी घेऊन अध्यक्षांकडे गेले, तर त्यांनी लॅमिनेट केलेली जुनी भिंतीवर लावलेली.

"बाई, एकदा लागलेला निकाल बदलत न्हाई."

"मीच लावला होता. मीच बदलते आहे."

"असं कसं? माझा इंग्रजीचा पेपर तुमच्याकडं आला असता तर तुमी बदलला असता?"

"तुमच्या अक्षरावर अवलंबून राहिलं असतं."

ते हसले, पण शेड सोडायला तयार नव्हते. वाईट माणूस नाही हो तो. दर वर्षी उन्हात पंगती बसतात, बायका-पोरांना चटके बसतात, हे त्यांना खरंच खुपत होतं. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमची यादी, ऱ्हाऊ द्या माझी. देवाला इचारू. येत्या रईवारी सकाळी धा वाजता कौल लावू. उजवी दिली तर झाडं काढायची. डावी दिली तर शेडचं नाव घ्यायचं न्हाई."

कौल म्हणजे काय ते सांगते. गुरव चाफ्याच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवतो, एक उजव्या, एक डाव्या. मग सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर कुणी वाद घालत नाही.

मी हात टेकले. निम्मी शक्यता तरी आहे, असं आजोबांना म्हणाले.

"निम्मी कुठली?" हे आक्का म्हणाल्या. त्या मागच्या दाराने आत आल्या होत्या. ओट्याजवळ बसून, चहा बशीत ओतून, त्यांनी मला सांगितलं की नऊ झाडं पडल्यापासून राईत ऊन आणि वारा दोन्ही शिरतात. सकाळी रस्त्याच्या बाजूने ऊन येतं ते थेट देवाच्या उजव्या खांद्यावर. तिथली पाकळी लगेच सुकते आणि पडते. दुपारी अडीचच्या पुढे खिंडीतून वारा सुटतो तो डाव्या खांद्यावर. मग डावी पडते. "रोज फुलं म्या काढत्ये. कंचं कवा पडतं मला ठावं हाय. राई दाट हुती तवा असं न्हवतं. तवा देवाच्या मनात यील त्ये पडायचं."

"म्हणजे सकाळी विचारलं तर झाडं गेली आणि दुपारी विचारलं तर वाचली?"

"म्या कुटं काय म्हनलं?" आक्का म्हणाल्या. "येळ झाला तर झाला. मानसाला येळ होतोच."

आता कबूल करते. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरकडे नुसती मान वळवली म्हणून मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. तीच मी त्या शनिवारी बसून दहा ते अडीच या वेळाचं नियोजन केलं, कागदावर, मुद्देसूद. आजोबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून पेन्सिलीला टोक करून दिलं.

रविवारी दहाला पन्नासेक माणसं राईत जमली. देवाच्या उजव्या खांद्यावर उन्हाचा कवडसा अगदी पोस्टाच्या शिक्क्यासारखा बसला होता. मी पुढे झाले.

"देवाला विचारण्याआधी देवाला माहिती द्यायला हवी," मी म्हणाले. "मी जुनी यादी दिली, ती चुकीची होती. चूक माझी, म्हणून देवासमोर दुरुस्त करायची तीही मीच. नवी यादी वाचते."

देवाच्या नावाने घातलेली गळ. अध्यक्षांना नाही म्हणता येईना. "वाचा. पन थोडक्यात."

"क्रमांक एक," मी सुरू केलं. "अंजनी. खिंडीकडची कड. पायाखाली कातळ, माती वीतभर. शेंडा मोडलेला, त्यामुळे वाऱ्याला धरायला काही उरलेलं नाही. मागे क्रमांक चौदा आणि पंधरा उभे आहेत ते याच्या आडोशाने. क्रमांक दोन..."

विसाव्या झाडापर्यंत लोक ऐकत होते. तिसाव्याला बायका खाली बसल्या. पन्नासाव्याला एक आजोबा (तुमचे नव्हेत) उठले आणि म्हणाले, "ह्या हिरड्याखाली माझा बा बसायचा." मग त्यावर पंधरा मिनिटं गेली, आणि ती माझ्या नियोजनात नव्हती. मग प्रत्येकालाच कुठलं तरी झाड आठवायला लागलं. कुणाची म्हैस तिथे व्यायली होती, कुणी तिथे लपून पहिली विडी ओढली होती.

"बाई, मधली गाळा," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "आमाला मान्य हाय, समदी झाडं हायेत."

"मधली गाळली तर यादी कसली?"

"पासष्ट राहिला," तुमचे आजोबा मागून म्हणाले. राहिला नव्हता. पण मी साठपासून पुन्हा सुरू केलं.

बाराच्या पुढे अध्यक्ष फणसाच्या बुंध्याला टेकून झोपले. एकशे सदतीस संपले तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि पान हलत नव्हतं. मी पान उलटलं आणि जुन्या यादीतल्या चुका एकेक करून वाचायला घेतल्या. त्या अडीचपर्यंत पुरल्या. इतक्या होत्या.

मग गुरव पुढे झाला आणि तांब्यात पाणीच नाही असं त्याच्या लक्षात आलं. पाणी आलं. मग चाफ्याच्या पाकळ्या कोमेजल्या म्हणून ताज्या आणायला तो स्वतः गेला, आणि चष्मा घरी राहिला म्हणून पुन्हा गेला. चार तास तो तिथेच बसून होता, तेव्हा त्याला यातलं काही आठवलं नव्हतं. मी त्याची नजर पकडायचा प्रयत्न केला. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आक्का देवापुढची जमीन झाडत होत्या, झाडलेलीच पुन्हा.

पाकळ्या लागल्या. कुणीतरी अध्यक्षांना उठवलं.

आधी उजवी हलली. ती बोटभर खाली घसरली आणि थांबली. मी एवढा वेळ काढला होता आणि आता ती पाकळी माझ्या एक्केचाळीस झाडांचं वाटोळं करायला निघाली होती. आक्कांचा खराटा थांबला. तेवढ्यात वर, खिंडीच्या बाजूला, आधी एका हिरड्यात सळसळ झाली, मग रांगभर. मग वारा त्या दारातून आत आला, थेट, आणि डावी पाकळी उडून गुरवाच्या पायापाशी पडली.

"परत लावा," अध्यक्ष म्हणाले.

"द्येव काय मोबाइल हाय व्हय, परत परत लावायला?" गुरव म्हणाला.

लोक हसले आणि तिथेच निकाल लागला. शेड पुढे दक्षिणेच्या उघड्या कातळावर झाली, जिथे गवताशिवाय काही उगवतच नाही. पंगतीला चांगली सावली झाली, आणि ती जागा आपल्यालाच सुचली असं अध्यक्ष सांगतात. मी दुरुस्ती करत नाही.

चढ उतरताना मी आक्कांना विचारलं, "आपण देवाला फसवलं का हो?"

"वारा कुनी सोडला? तुमी?"

"नाही."

"म्या बी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढे निघून गेल्या.

यंदा आषाढात पुन्हा दोन दिवस जोराचा वारा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन राईत गेले, तर अध्यक्ष माझ्या आधीच तिथे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून झाडं मोजत होते.

"बाई!" ते लांबूनच ओरडले, आणि त्यांच्या आवाजात केवढा आनंद होता. "तुमच्या नापासातलं एकबी पडलं न्हाई. पैल्या नंबरातली दोन गेली! त्या मोकळ्या जागेम्होरची."

"ती पडणार हे नव्या यादीत होतं. क्रमांक अठ्ठ्याऐंशी आणि एक्क्याण्णव. मी वाचलं होतं. तुम्ही घोरत होतात."

त्यांनी पँटचा दुमडा आणखी वर केला. मग हळूच विचारलं, "मंग आता पुढं कंचं जाईल?"

मी म्हटलं, हे मला विचारू नका, आक्कांना विचारा. आक्का थोड्या अंतरावर वाकून रानभाजी खुडत होत्या. त्यांनी मान वर केली, ओळीत उरलेल्या सरळ, उंच झाडांकडे एकवार पाहिलं आणि अध्यक्ष ज्याला टेकून उभे होते त्याच्याकडे हनुवटीने खूण केली.

"त्ये."

अध्यक्ष चार पावलं बाजूला झाले. खोटं कशाला बोलू, मीही झाले. आक्का मात्र त्याच झाडाच्या बुंध्याशी सरकल्या, कारण भाजी तिथे जास्त होती.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या आणि खुडत राहिल्या.